‘करारातून बाहेर पडा’ एवढंच लिहू नका : आयात-निर्यातीचं गाऱ्हाणं खान्देशातून दिल्लीला कसं न्यावं

कापसाचा भाव पडला, कांद्यावर निर्यातशुल्क बसलं किंवा बाहेरची डाळ स्वस्तात उतरली, की चोपड्यापासून शहाद्यापर्यंत एकच मागणी निघते : सरकारनं हे परदेशी करार मोडावेत. राग खरा असतो आणि त्याला कारणही असतं. पण तेवढंच वाक्य लिहिलेलं निवेदन तहसील कचेरीच्या आवक नोंदवहीत चढतं, जिल्हाधिकाऱ्यांच्या सहपत्रासोबत पुढं सरकतं आणि कुठल्यातरी टेबलावर ‘नोंद घेतली’ होऊन संपतं. कुठला माल, कुठली अधिसूचना, कोणता दर आणि तो किती करायचा, हे त्यात नसतं. म्हणून कारवाई करायची असली तरी कोणाला काही करता येत नाही.

नुसतं ‘बाहेर पडा’ म्हटल्यावर काय होतं हे ब्रिटननं दाखवून दिलं आहे. २३ जून २०१६ च्या सार्वमतात युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं, एवढंच विचारलं होतं. ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायला कौल दिला. बाहेर पडून उभं कुठं राहायचं, सीमाशुल्काचा संघ ठेवायचा का, उत्तर आयर्लंडच्या सीमेवर तपासणी कुठं करायची, यातलं काहीच मतपत्रिकेवर नव्हतं. मार्च २०१७ मध्ये युनियनच्या कराराच्या कलम ५० ची, म्हणजे बाहेर पडत असल्याची, नोटीस दिली आणि दोन वर्षांची मुदत सुरू झाली. सरकारनं केलेला करार संसदेनं १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला, मार्चमध्ये आणखी दोनदा फेटाळला. २७ मार्चला खासदारांपुढं आठ पर्याय ठेवले, एकालाही बहुमत मिळालं नाही. बाहेर पडण्याची तारीख तीनदा पुढं ढकलून ३१ जानेवारी २०२० वर गेली. बाहेर पडा म्हणणारे चिडले, राहा म्हणणारेही चिडले. नोटीस मागं घ्या या अर्जावर ६० लाखांहून जास्त सह्या झाल्या, तरी सरकार हललं नाही. शेवटी २०२० च्या डिसेंबरात शून्य शुल्काचा करार झाला. पण १ जानेवारी २०२१ पासून सीमाशुल्काची घोषणापत्रं आणि आरोग्य प्रमाणपत्रं यांचा बोजा व्यापाऱ्यांवर पडलाच.

आपल्याकडचं उदाहरण वेगळं आहे आणि त्यात बऱ्याच जणांची गल्लत होते. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारतानं आरसेपमध्ये, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांच्या मोठ्या व्यापार करारात, जाणार नाही असं जाहीर केलं. तो वाटाघाटीतून घेतलेला काढता पाय होता, झालेल्या करारातून बाहेर पडणं नव्हतं. आरसेपवर इतर १५ देशांनी १५ नोव्हेंबर २०२० ला सह्या केल्या. म्हणून ‘सरकारनं आरसेप रद्द करावं’ असं आजही कुठल्या ठरावात दिसलं, की वाचणारा अधिकारी पुढचा मजकूर वाचत नाही.

आधी ठरवा : हा करार आहे की आपल्याच सरकारचा निर्णय?

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून यावर एक संध्याकाळ खर्च करा.

ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ झालं. आधी १९ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर, मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. तो निर्णय कुठल्याही करारातून आला नव्हता. अर्थ मंत्रालयानं काढलेली ती सीमाशुल्क अधिसूचना होती आणि ती सगळ्या देशांच्या कापसाला लागू होती. उद्या भारतानं सगळे व्यापार करार मोडले असते, तरी त्या चार महिन्यांत कापूस शुल्काविना आलाच असता. उलट ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे आणि त्यात वर्षाला ५१,००० टन कापूस शुल्काविना आणायची सोय आहे. १७० किलोच्या गाठीनं मोजलं तर या ३ लाख गाठी होतात. ही खरी कराराची गोष्ट. दोन्हींचा परिणाम धरणगावच्या जिनिंगवर, म्हणजे कपाशीतून रुई काढणाऱ्या कारखान्यांवर, एकत्रच दिसतो, पण पत्ते दोन आहेत आणि मागण्याही दोन लिहाव्या लागतात.

कांद्याचं असंच. साक्री-पिंपळनेरकडच्या शेतकऱ्याला फक्त ‘निर्यात बंद’ एवढं कळतं. कागदावर मात्र तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या : ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबर २०२३ पासून बंदी, आणि मे २०२४ मध्ये बंदी उठवताना टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य. बंदी आणि किमान मूल्य विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, ठरवतं. ते वाणिज्य मंत्रालयाखाली येतं. शुल्क अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाचं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही उठलं. एका मंत्रालयाला दुसऱ्याच्या कामाबद्दल पत्र गेलं की उत्तर येतं : ‘हा विषय या विभागाशी संबंधित नाही.’ त्यात दोन महिने जातात आणि हंगाम निघून जातो.

ढोबळ वाटणी अशी लक्षात ठेवा. आयात-निर्यातीचं शुल्क : अर्थ मंत्रालय. बंदी, परवाना, किमान मूल्य, करारांच्या वाटाघाटी : वाणिज्य मंत्रालय. साठ्याची मर्यादा : ग्राहक व्यवहार विभाग. परदेशात माल कीड-रोगाच्या कारणानं अडला असेल, केळीच्या बाबतीत हे लागतं, तर कृषी मंत्रालयाचा वनस्पती संरक्षण विभाग आणि सोबत अपेडा, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीला चालना देणारं केंद्राचं प्राधिकरण. कापसाची हमीभावानं खरेदी : वस्त्रोद्योग मंत्रालयाखालचं कापूस महामंडळ. परदेशी व्यापार आणि परदेशाशी करार हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या केंद्र सूचीत आहेत. त्यामुळं आमदार, पालकमंत्री किंवा बाजार समितीचा सभापती यांच्या हातात शिफारसपत्राखेरीज काही नाही. त्यांना वेळ द्या, पण सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नका.

मालाचा आठ अंकी क्रमांक

दिल्लीत माल नावानं ओळखला जात नाही, क्रमांकानं ओळखला जातो. याला एचएस कोड म्हणतात. पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे दोन भारताचे. ताजी केळी ०८०३९०१०. रोझ जात सोडून इतर कांदा ०७०३१०१९. तूर ०७१३६०००. पिवळा वाटाणा ०७१३१०१०. न पिंजलेल्या कापसाचं शीर्षक ५२०१, त्यात पुढं धाग्याच्या लांबीप्रमाणं पोटभाग. नंदुरबारची वाळलेली अख्खी मिरची ०९०४२१ खाली येते, तीच कुटली किंवा दळली की ०९०४२२ होते. हा एका अंकाचा फरक महत्त्वाचा आहे. मिरची उत्पादकानं चुकून दळलेल्या मिरचीचा क्रमांक टाकला, तर त्याची मागणी पावडरवाल्याच्या खात्यात जमा होते.

क्रमांक मिळाला की तीन ठिकाणी पाहा. डीजीएफटीच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकापुढं ‘मुक्त’, ‘प्रतिबंधित’ की ‘निषिद्ध’ लिहिलं आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर आजचा दर आणि तो ज्या अधिसूचनेनं आला तिचा क्रमांक-तारीख. आणि वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात माहितीकोशात त्या मालाची कुठल्या देशातून किती आवक झाली. माहितीकोशातलं वर्ष एप्रिल ते मार्च असतं. व्हॉट्सॲपवर फिरणारे आकडे बहुधा जानेवारी ते डिसेंबरचे असतात, आणि दोन्ही एकाच निवेदनात मिसळले की सगळं निवेदनच कच्चं ठरतं. प्रमाणाचं एककही बघा, किलो आहे, टन आहे की आकडा हजारांच्या पटीत दिला आहे.

करार तपासायचा असेल तर मूळ मजकूर वाणिज्य मंत्रालयाच्या ‘व्यापार करार’ विभागात असतो. सगळी शेकडो पानं वाचू नका. परिशिष्टातली शुल्काची अनुसूची उघडा, आपला क्रमांक शोधा. तो वगळलेल्या यादीत असेल, लगेच किंवा टप्प्याटप्प्यानं शुल्क कमी होणार असेल किंवा कोटा ठरलेला असेल, यातलं एक सापडेलच. मग शेवटच्या प्रकरणांत ‘करार संपुष्टात आणणे’ आणि ‘आढावा’ ही कलमं वाचा. जागतिक व्यापार संघटनेतून बाहेर पडायला लेखी सूचनेनंतर सहा महिने लागतात, युरोपियन युनियनमधून दोन वर्षं. प्रत्येक कराराची मुदत त्याच्यातच लिहिलेली असते. आमच्या मते शेतकऱ्यानं आढाव्याचं कलम धरावं. एका मालासाठी संपूर्ण करार कोणी मोडत नाही, पण आढाव्यात एका क्रमांकाचा दर किंवा कोटा बदलायची मागणी ऐकण्यासारखी ठरते.

मूळचा माल एका देशाचा आणि कागदावर दुसऱ्याचा, असा संशय असेल तर तो वेगळा गुन्हा आहे. उगमाच्या प्रमाणपत्राची तपासणी सीमाशुल्क विभाग करतो, २०२० पासून त्यासाठी स्वतंत्र नियम आहेत. ती तक्रार धोरणाच्या निवेदनात घुसडू नका.

नुकसान क्विंटलमध्ये मांडा

‘शेतकरी देशोधडीला लागला’ हे खरं असलं तरी अर्थ मंत्रालयातला माणूस त्याचं काही करू शकत नाही. त्याला आकडा द्या, आणि आकडा कसा काढला तेही द्या.

कापसाचं उदाहरण. ११ टक्के हे असे होतात : मूळ सीमाशुल्क ५, कृषी पायाभूत सुविधा उपकर ५, आणि या दोन्हींच्या बेरजेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १. समजा बाहेरची रुई बंदरात ५५,००० रुपये खंडीनं पोचते. तिच्यावर ११ टक्के म्हणजे ६,०५० रुपये. खंडी ३५६ किलो रुईची. ३४ टक्के उतारा (कपाशीतून निघणारी रुई) धरला तर एका खंडीला सुमारे १०.४७ क्विंटल कपाशी लागते. ६,०५० ला १०.४७ नं भागा : क्विंटलला साधारण ५७८ रुपये. शुल्क माफ झाल्यानं स्थानिक भावावर जास्तीत जास्त एवढा दाब येऊ शकतो. प्रत्यक्षात भाव तेवढाच पडेल असं नाही. सरकी, रुपयाचा दर, आवक हे सगळं त्यात असतं. म्हणून निवेदनात ‘क्विंटलला ५७८ रुपयांपर्यंत दाब’ असं लिहा, ‘५७८ रुपये नुकसान’ असं नको. ५५,००० च्या जागी त्या आठवड्याचा खरा भाव आणि ३४ च्या जागी तुमच्या जिनिंगचा खरा उतारा टाका. सोबत बाजार समितीच्या त्याच आठवड्यांच्या किमान, कमाल आणि सर्वसाधारण भावाचा उतारा जोडा. समितीचा शिक्का घ्यायला विसरू नका.

केळीत हे गणित अवघड जातं. रावेर-यावलचा भाव बऱ्हाणपूरच्या बोलीकडं बघून ठरतो, आणि निर्यातीच्या घडाचा भाव वेगळाच असतो. तिथं निर्यात अडलेल्या दिवसांतल्या कटाईच्या पावत्या आणि आधीच्या पंधरवड्यातल्या पावत्या शेजारी ठेवणं हाच चांगला पुरावा. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांच्या पावत्या एकत्र करू नका, हंगाम वेगळा म्हणून भावही वेगळा.

आधी गावातच बसा

एक काम सगळे टाळतात. शुल्क वाढावं असं कपाशीवाल्याला वाटतं, तेव्हा सूतगिरणीला ते घटावं असं वाटतं. तुरीच्या शेतकऱ्याला आयात नको, जळगावच्या डाळ मिलवाल्याला कच्चा माल स्वस्त हवा. दोघेही आपलेच. एकाच जिल्ह्यातून दोन उलट निवेदनं एकाच आठवड्यात गेली की ती एकमेकांना खोडतात. म्हणून पाठवण्याआधी शेतकरी, जिनर, मिलवाले आणि अडते यांना एका टेबलावर बसवा. सगळं जमणार नाही, पण काही गोष्टींवर बहुतेक वेळा एकमत होतं : शुल्क बदलणार असेल तर पेरणीआधी जाहीर करा, ऐन वेचणीच्या महिन्यांत सवलत देऊ नका, सवलत द्यायचीच तर प्रमाणाची मर्यादा घाला. यातली प्रत्येक मागणी ‘करार मोडा’पेक्षा लहान आहे आणि प्रत्येक मान्य होण्यासारखी आहे.

ग्रामसभेचा ठराव जरूर घ्या. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली जी संख्या कमी असेल ती. ठरावाला परदेशी व्यापारावर अधिकार नाही, पण मागणी एका पुढाऱ्याची नसून गावाची आहे याचा तो पुरावा होतो. ठरावाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) सही-शिक्क्यासह घ्या.

निवेदनाचा मजकूर

एक पान पुरे. त्यात पाच गोष्टी याच क्रमानं :

विषय : कापूस (शीर्षक ५२०१) आयातशुल्क सवलतीबाबत.
निर्णय : अमुक क्रमांकाची, अमुक तारखेची सीमाशुल्क अधिसूचना.
परिणाम : जळगाव जिल्ह्यात अमुक बाजार समितीत अमुक ते अमुक तारखेचे भाव (उतारा सोबत), क्विंटलला अमुक रुपयांपर्यंत दाब (गणित सोबत).
मागणी : ऑक्टोबर ते मार्च या आवकेच्या काळात सवलत देऊ नये. दिल्यास वर्षाला ठरावीक टनांच्या कोट्यापुरती द्यावी.
उत्तर : घेतलेला निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणं केंद्राच्या कोणत्याही कार्यालयाकडं मराठीतून गाऱ्हाणं मांडायचा तुम्हाला हक्क आहे. हक्क सोडू नका, पण सोबत हिंदी तर्जुमा जोडा. नाहीतर भाषांतरासाठी फाईल बाजूला पडते. पोस्टानं पाठवाल तर स्पीड पोस्टनं आणि पोचपावती जपून. प्रती : आपल्या लोकसभा मतदारसंघाचे खासदार (जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार यांपैकी तुमचा कुठला ते बघा, मलकापूर रावेरमध्ये येतं आणि मालेगाव धुळ्यात), जिल्हाधिकारी आणि जिल्हा उद्योग केंद्र. जिल्हाधिकारी जिल्हा निर्यात प्रोत्साहन समितीचे अध्यक्ष असतात, तिच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तुमचा विषय घ्या असं वेगळं पत्र द्या. या समितीकडं कोणी फारसं फिरकत नाही, म्हणूनच तिथं ऐकून घेतलं जातं.

केंद्राच्या तक्रार पोर्टलवर, म्हणजे सीपीग्राम्सवर, टाकताना एक सापळा आहे. तिथं ‘सूचना’ तक्रार म्हणून घेत नाहीत. ‘शुल्क वाढवा’ असं लिहिलं की सूचना समजून बंद करतात. ‘अमुक तारखेच्या निवेदनाला उत्तर मिळालेलं नाही’ असं लिहा, ती तक्रार होते. निकालाची मुदत २१ दिवस आहे, आणि बंद झाल्यावर ३० दिवसांत अपील करता येतं.

डीजीएफटीच्या धोरणात जानेवारी २०२५ मध्ये सल्लामसलतीची तरतूद आली. धोरण बदलण्याआधी संबंधितांना मत मांडायला शक्यतो ३० दिवस द्यावेत, असं त्यात आहे. त्यांच्या संकेतस्थळावर आठवड्यातून एकदा नजर टाकायचं काम गटातल्या एका तरुणाला नेमून द्या. मसुद्यावर वेळेत गेलेलं एक पान नंतरच्या दहा मोर्चांइतकं कामाचं असतं.

माहितीचा अधिकार

शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ. दिल्लीच्या कार्यालयाला कोर्ट फी स्टँप लावलेला अर्ज चालत नाही, तो राज्याच्या कार्यालयांसाठी. केंद्रासाठी पोस्टल ऑर्डर काढा, किंवा ऑनलाइन पोर्टलवर भरा. तिथं मजकूर ३,००० अक्षरांपर्यंत बसतो.

‘सवलत का दिली?’ असं विचारू नका. ‘का’ला माहिती म्हणत नाहीत, आणि अर्ज त्याच कारणानं परत येतो. कागद मागा : ‘अमुक अधिसूचनेपूर्वी ज्या संघटनांची निवेदनं आली त्यांची यादी आणि तारखा. कृषी मंत्रालयाचं मत मागवलं असल्यास त्या पत्राची आणि उत्तराची प्रत.’ चालू वाटाघाटींचे कागद मागितले तर कलम ८ खाली, परदेशाशी संबंध आणि व्यापारी गुपिताचं कारण देऊन, बहुधा नकार येतो. झालेल्या निर्णयाचे कागद मागितलेले बरे. चुकीच्या विभागाकडं गेला तर कलम ६(३) प्रमाणं त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

खासदाराचा उपयोग कसा करून घ्यावा

हार घालून निवेदन देताना फोटो निघतो, पण प्रश्न निघत नाही. तयार प्रश्न लिहून द्या. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, दिवसाला फक्त २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न येतात आणि निवड चिठ्ठीनं होते. तेव्हा अधिवेशनाच्या महिनाभर आधी खासदारांच्या कार्यालयात तीन-चार प्रश्न पोचवा. अतारांकितचा आग्रह धरा, कारण त्याचं लेखी उत्तर छापून येतं आणि पुढच्या निवेदनाला ते जोडता येतं. नियम ३७७ खाली २५० शब्दांपर्यंतचं निवेदन सभागृहात मांडता येतं, ते २५० शब्द तुम्हीच लिहून द्या.

करारावर संसदेत मतदान होईल अशी वाट बघू नका. ब्रिटनमध्ये कलम ५० ची नोटीस द्यायलाच संसदेची परवानगी हवी, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१७ मध्ये ठरवलं. आपल्याकडं सरकार करार संसदेच्या मंजुरीविना करतं. म्हणून खासदारानं दबाव आणायचा तो सही होण्याआधी.

मोर्चा काढायचाच असेल तर लेखी परवानगी घ्या आणि जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश लागू आहे का ते आधी ठाण्यात विचारा. रास्ता रोकोत गुन्हे दाखल होतात ते पोरांवर, आणि पुढं पासपोर्टपासून नोकरीच्या पडताळणीपर्यंत तेच अडतात. मोर्चा त्याच दिवशी ठेवा ज्या दिवशी वरचं एक पान आणि जोडपत्रं तयार असतील. हातात देण्यासारखं काही नसताना काढलेल्या मोर्चाची बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते.

उत्तर ‘नोंद घेतली आहे’ असंच आलं तर त्यावर उत्तराचा क्रमांक आणि तारीख टाकून परत लिहा : मागणी क्रमांक अमुक मान्य आहे की अमान्य, एवढंच कळवा. माहिती अधिकारात ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यावरही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडं दुसरं. या तारखा एका वहीत मांडा. वही एकाच माणसाकडं न ठेवता दोघांकडं ठेवा, कारण कपाशी वेचणीच्या दिवसांत एक जण हमखास सापडत नाही.